‘किट खराब आहे’ म्हणायच्या आधी ट्रिगर बघा

आमच्या कम्युनिकेशन लॅब ट्रेनिंगला येणाऱ्यांसाठी हे लिहितोय, कारण प्रत्येक बॅचला तोच प्रश्न येतो, की सर एएमची (ॲम्प्लिट्यूड मॉड्युलेशनची) वेव्ह ऑसिलोस्कोपच्या स्क्रीनवर पळतेय, किट बदलून द्या. किट बहुतेक वेळा ठणठणीत असतं हो. ट्रिगर, म्हणजे स्कोपने चित्र कुठल्या क्षणापासून काढायचं ते सेटिंग, चुकलेला असतो, आणि त्यात अर्धं सेशन जातं.

मेसेज (पाठवायचा सिग्नल) 1 किलोहर्ट्झ आणि कॅरिअर (त्याला वाहून नेणारी वेव्ह) 100 किलोहर्ट्झ घेतला तर मेसेजच्या एका सायकलमध्ये कॅरिअरच्या 100 सायकल बसतात. तुम्ही ट्रिगर लावता मॉड्युलेटेड आउटपुटवरच, मग स्कोपला ट्रिगर लेव्हल कुठेही सापडते आणि तो दर वेळी एन्व्हलपच्या (वेव्हच्या बाहेरच्या कडेच्या आकाराच्या) वेगळ्याच जागेपासून चित्र काढायला घेतो, चित्र थांबणार कसं? मेसेज चॅनल 1 ला, मॉड्युलेटेड वेव्ह चॅनल 2 ला, ट्रिगर सोर्स चॅनल 1 आणि टाइमबेस 200 मायक्रोसेकंद. एन्व्हलप गपचूप उभा राहतो. आता मोजा: सगळ्यात रुंद जागी 6 व्होल्ट पीक-टू-पीक, सगळ्यात अरुंद जागी 2, म्हणजे वजाबाकी 4, बेरीज 8, भागाकार म्हणजे मॉड्युलेशन इंडेक्स (मॉड्युलेशन किती खोल आहे ते) 0.5. आतला कॅरिअर धूसर दिसला तर दिसू दे, आपल्याला कडा मोजायच्यात.

पहिल्या सेशनला आम्ही ऑटोसेट (स्कोपने स्वतःच सेटिंग लावायचं बटण) दाबू देत नाही, त्यावरून कुरकुर होते. पण ऑटोसेट बऱ्याचदा कॅरिअरच पकडतो आणि मुलं चार सायकल बघून ‘साइन वेव्ह आली’ म्हणून मोकळी. हे सगळं सिम्युलेशनमध्ये होतं की, असंही विचारतात. होतं, फक्त तिथे ग्राउंडची वायर सुटत नाही आणि प्रोब चुकून 10एक्सवर (सिग्नल दहापट कमी करणाऱ्या सेटिंगवर) राहत नाही!

डिजिटलमध्येही दुखणं तेच. एफएसकेला (बिटनुसार फ्रिक्वेन्सी बदलणारं मॉड्युलेशन) ट्रिगर डेटावरून घ्या, आय डायग्रॅमला (बिट एकमेकांवर ठेवून दिसणारं चित्र) बिट क्लॉकवरून. पीसीएमचं (सिग्नलचे सॅम्पल घेऊन ते बिटमध्ये बदलणं) सेकंदाला 8000 सॅम्पल गुणिले 8 बिट म्हणजे 64 केबीपीएस हे सगळ्यांना पाठच असतं, त्यावर आम्ही वेळ घालवत नाही, डेल्टा मॉड्युलेशनमधला (मेसेज छोट्या पायऱ्यांनी गाठायची पद्धत) स्लोप ओव्हरलोड, म्हणजे मेसेज इतका झपाट्याने बदलतो की पायऱ्या मागे पडतात तो दोष, मात्र मेसेजचा ॲम्प्लिट्यूड वाढवत वाढवत ज्याचा त्याने काढून दाखवायचा.

एका टेबलावर दोघंच बसवतो, म्हणून बॅच लहान असते. शेवटच्या सेशनला स्वतःच्या प्रोजेक्टचं सर्किट घेऊन आलात तरी चालेल, आपल्याच स्कोपवर बघू. ग्रुपने येणार असाल तर आधी कळवा, प्रॅक्टिकल परीक्षेच्या तोंडावर टेबलं पटापट भरतात.