व्हिएतनामचं जंगल आणि काउआईचा पाऊस

'ट्रॉपिक थंडर' (२००८) हा विनोदी चित्रपट पाहिलेल्या कुणालाही विचारा, ते जंगल कुठलं? उत्तर येतं व्हिएतनाम, नाहीतर थायलंड. कथा आग्नेय आशियातच घडते, तेव्हा पाहणाऱ्याला दोष देता येत नाही. चित्रीकरण मात्र झालं हवाई द्वीपसमूहातल्या काउआई बेटावर. याच बेटाने 'सिक्स डेज सेव्हन नाइट्स'मध्ये (१९९८) दक्षिण प्रशांतातल्या निर्जन बेटाचं सोंग वठवलं आणि 'जंगल क्रूझ'मध्ये ॲमेझॉनचं. मला मात्र विनोदापेक्षा मागच्या हिरव्या कड्यांचंच अप्रूप.

हे कडे बेसॉल्टचे, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्याच जातीचे. पण सह्याद्रीचा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, काउआईचा जेमतेम पन्नास लाख वर्षांचा. इतक्या कोवळ्या खडकात एवढ्या खोल घळी पाडल्या त्या मुख्यतः पावसाने.

पाऊस कसा पडतो ते बघण्यासारखं आहे. ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे समुद्रावरून बाष्प घेऊन येतात आणि वाइअलेअले या सुमारे १,५७० मीटर उंचीच्या डोंगरावर धडकतात. हवा वर चढते, वर दाब कमी म्हणून प्रसरण पावते, आणि प्रसरणात स्वतःचीच उष्णता खर्च होऊन थंड होते, दर किलोमीटरला जवळपास १० अंशांनी. बाष्पाचे थेंब होऊ लागले की सुप्त उष्णता बाहेर पडते, मग थंड होण्याचा वेग मंदावतो. खरी गंमत पुढे आहे. साधारण दोन किलोमीटरवर, वरून खाली बसणाऱ्या कोरड्या, उबदार हवेचा एक थर असतो. कुकरचं झाकण बसावं तसा. ढगांना त्यापलीकडे सहसा जाता येत नाही. वाइअलेअलेचा माथा नेमका या झाकणाच्या आत राहतो, त्यामुळे ढग तिथेच पिळून निघतात. मौना केआ हा द्वीपसमूहाच्या दुसऱ्या टोकाच्या हवाई बेटावरचा ४,२०५ मीटरचा डोंगर झाकण फोडून वर जातो, म्हणून त्याचा माथा कोरडा ठणठणीत आणि तिथे मोठमोठ्या दुर्बिणी. या बुटक्या ढगांत बर्फ व्हायची गरजच पडत नाही. समुद्री मिठाच्या कणांभोवती टपोरे थेंब धरतात, ते लहान थेंबांना गिळत खाली येतात.

परिणाम असा की माथ्यावर वर्षाला १० मीटरच्या आसपास पाऊस, आणि वाऱ्याआड, जेमतेम २५ किलोमीटरवरच्या केकाहा गावात अर्धा मीटरच्या घरात. महाबळेश्वर आणि वाईचं गणितही हेच. फक्त आपला पाऊस चार महिन्यांत उरकतो, तिथला बारमाही. चित्रपटवाल्यांची चंगळ त्यामुळेच: सकाळी धबधबा, दुपारी वाइमेआची लाल, उघडीबोडकी दरी.

हवाईचा दगड घरी नेला तर पेले या ज्वालामुखीच्या देवीचा कोप होतो म्हणून पर्यटक घाबरून दगड टपालाने परत पाठवतात. ही काही जुनी हवाईयन श्रद्धा नाही, विसाव्या शतकातली आवई आहे. (दगड नेऊ नयेतच, पण कारण कायद्याचं.)

'अस्पर्श निसर्ग' ही जाहिरातही अशीच. सखल भागातली बरीच हिरवाई बाहेरची: पेरू अमेरिकेतून आला, माड पॉलिनेशियन खलाशांनी आणला, आणि भराभर वाढणारा अल्बिझिया मोलुक्का बेटांकडचा. म्हणजे नकली आग्नेय आशियात हे झाड तेवढं अस्सल! मूळचं ओहिआ या स्थानिक झाडाचं रान आता मुख्यतः वरच्या डोंगरात उरलंय, आणि २०१८ मध्ये काउआईवर त्यालाही झाडं वाळवून टाकणारी बुरशी लागल्याचं आढळलं.