चक्कर आली म्हणजे डॉक्टरकी गेली?

मेडिकलला डिसेक्शनच्या, म्हणजे अभ्यासासाठी मृतदेह चिरून पाहण्याच्या, पहिल्या तासाला जो चक्कर येऊन पडला, तो काही डॉक्टर होत नाही, असं सीनियर हमखास सांगतात. साफ खोटं. इथे भित्रेपणाचा काही संबंध नाही. समोरचं दृश्य पाहून व्हेगस नर्व्ह, म्हणजे मेंदूतून हृदयाकडे जाणारी एक नस, चाळवते, हृदयाचे ठोके मंदावतात, पायातल्या रक्तवाहिन्या सैलावतात. रक्तदाब घसरतो आणि मेंदूला क्षणभर रक्त कमी पडतं. त्यात उपाशी पोट आणि तासभर एकाच जागी उभं राहणं. डोळे चुरचुरतात ते मात्र मृतदेह टिकवायला वापरलेल्या फॉर्मॅलिन या रसायनामुळे; उगाच कुणाला रडवं ठरवू नका.

पडण्याआधी जांभया येतात, हात गार पडतात, कानांत गुणगुण होते. तेवढ्यात सरळ आडवं व्हायचं, पाय उंच. शेजारचा हसला तर हसू दे, पुढच्या आठवड्यात त्याचाही नंबर लागू शकतो.