घोड्यांची माती आणि मोटारींचा वेग

२० जून १९०३ ला बार्नी ओल्डफील्ड नावाचा एक माणूस अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या स्टेट फेअरच्या मैदानावर गाडी घेऊन उतरला आणि एक मैलाची मातीची गोल फेरी त्याने ५९.६ सेकंदात मारली. म्हणजे ताशी ९७ किलोमीटर. आज हायवेवर कुठलीही साधी गाडी हा स्पीड घेते, पण गोल ट्रॅकवर मिनिटाच्या आत मैल मारणारा तो पहिलाच माणूस, आणि त्याची गाडी कशी होती ते बघितलं की मग खरं कळतं हे किती अवघड होतं.

ती गाडी म्हणजे फोर्डची ९९९. इंजिन जवळपास १९ लिटरचं. आपल्याकडची छोटी हॅचबॅक १.२ लिटरची असते, त्यावरून अंदाज घ्या. सिलिंडर फक्त चार, पण एकेकाचं तोंड १८ सेंटीमीटर रुंद, पाण्याच्या कळशीएवढं. क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या धक्क्याने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा, उघडा, त्यामुळे गरम ऑइल उडून थेट ड्रायव्हरच्या अंगावर. मागच्या चाकांना सस्पेन्शन नाही, डिफरन्शियल (वळणात दोन मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) नाही, स्टीयरिंगला गोल चाकसुद्धा नाही, नुसता दोन मुठींचा आडवा दांडा. हेल्मेट, बेल्ट वगैरे नाहीच. ओल्डफील्ड दातात सिगार धरून चालवायचा, कारण खड्ड्यांच्या दणक्याने दातांवर दात आपटायचे.

स्टेट फेअर म्हणजे आपल्याकडचं कृषी प्रदर्शन आणि जत्रा एकत्र केली तर जे होईल ते. गाईगुरं, भोपळे, लोणची-मुरंबे, पाळणे, आणि घोड्यांच्या शर्यती. या घोड्यांसाठी जवळपास प्रत्येक फेअरला एक मैलाचा किंवा अर्ध्या मैलाचा अंडाकृती मातीचा ट्रॅक आधीपासून बांधलेला होता, बाजूला मोठा स्टँड, बसायला हजारो लोकांची सोय. मोटारी आल्या तेव्हा रेस घ्यायला दुसरी तयार जागा होतीच कुठे? ७ सप्टेंबर १८९६ ला ऱ्होड आयलंडच्या स्टेट फेअरमध्ये, क्रॅन्स्टनच्या नॅरागॅन्सेट पार्कच्या घोड्यांच्या ट्रॅकवर मोटारींची रेस झाली, अमेरिकेतली ट्रॅकवरची पहिली. आणि ती जिंकली कोणी, तर रायकर कंपनीच्या इलेक्ट्रिक गाडीने! दुसरा नंबरही इलेक्ट्रिकचाच, पेट्रोलवाल्या मागे. मला ही गोष्ट फार आवडते, कारण त्यात विज्ञान सरळ दिसतं, इलेक्ट्रिक मोटर थांबलेल्या अवस्थेतूनच पूर्ण जोर लावते आणि त्या काळचं पेट्रोल इंजिन आधी नीट पेटायलाच कुरकुर करायचं. पुढे पेट्रोल इंजिनं सुधारली, बॅटऱ्या जड आणि दमणाऱ्याच राहिल्या, आणि चित्र पालटलं.

पण माझा जीव अडकलाय तो मातीत.

एक मैलाचा ट्रॅक घ्या. पाव-पाव मैलाच्या दोन सरळ बाजू आणि पाव-पाव मैलाची दोन वळणं असं धरलं तर वळणाची त्रिज्या येते साधारण १२८ मीटर. गाडीला वळवायला आतल्या बाजूला जोर लागतो, तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट तर जोर चौपट. ताशी ९७ ने हे वळण घ्यायचं तर गाडीच्या वजनाच्या ५७-५८ टक्के एवढा जोर आडवा लागतो, आणि तो द्यायचा कोणी, तर टायर आणि माती यांच्यातल्या घर्षणाने. डांबरावर आजचे चांगले टायर वजनाच्या ८०-९० टक्के सहज देतात. सुट्या मातीवर ५०-६० मिळाले तरी खूप. म्हणजे ओल्डफील्ड अगदी कडेवर होता (वळणात तो थोडा हळू आणि सरळ भागात जोरात असणार, ५९.६ हा सगळ्या फेरीचा हिशेब). अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर त्रिज्या निम्मी होते, मग तेवढ्याच पकडीवर वेग ९७ वरून ६८ पर्यंत खाली येतो.

मग ड्रायव्हर काय करायचे? गाडी मुद्दाम आडवी घालायचे. बघणाऱ्याला वाटतं गाडी सुटली, पण तसं नसतं. डांबरावर टायर आपल्या जाण्याच्या दिशेपासून थोडासाच तिरका झाला की पकड कमाल होते आणि त्यानंतर सुटते. मातीवर मात्र टायर बराच तिरका झाला तरी पकड टिकते, उलट वाढते, कारण आडवा सरकणारा टायर नांगरासारखा माती ढकलत जातो आणि बाहेरच्या बाजूला मातीचा बांध तयार होऊन त्याला टेकू मिळतो. वर गाडीचं नाक आत वळलेलं असल्याने मागची चाकं जो धक्का देतात त्याचाही काही भाग वळणाच्या मध्याकडे जातो, म्हणजे अॅक्सिलरेटरच अर्धं स्टीयरिंगचं काम करतो. पुढची चाकं तेव्हा उलट्या दिशेला, बाहेर बघत असतात. मुरमाच्या रस्त्यावर बाइकचं मागचं चाक ज्यांनी कधी सरकताना अनुभवलंय त्यांना हे पोटात कळेल.

डिफरन्शियल नसण्याचं कोडंही इथेच सुटतं. वळणात बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, अर्ध्या वर्तुळात साधारण साडेचार मीटर जास्त. दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट असतील तर एकाला घसरावंच लागतं, आणि डांबरावर त्यात टायर आणि एक्सल दोन्हीचे हाल. मातीवर चाकं तशीही घसरतच असतात, त्यामुळे चाललं.

आता ही माती म्हणजे काय. गणपतीच्या आधी शाडूची माती मळून बघा. कोरडी असताना बोटातून पिठासारखी निसटते, थोडं थोडं पाणी घातलं की गोळा होतो, नाक-कान काढावेत इतका टिकतो, आणि पाणी जरा जास्त झालं की सगळं निसरडं. कारण चिकणमातीचे कण अगदी बारीक पापुद्र्यांसारखे असतात, दोन पापुद्र्यांमधलं पातळ पाणी पृष्ठताणामुळे त्यांना एकमेकांकडे ओढून धरतं. पाणी संपलं की ओढ संपली, पाणी भरून वाहिलं तरीही संपली. रेसच्या दुपारी उन्हाने माती दर फेरीला थोडी थोडी वाळत जायची, म्हणजे ड्रायव्हरच्या पायाखालचा ट्रॅक तासाभरात चार वेळा बदलायचा, आणि चांगला ड्रायव्हर तो जो मातीचा रंग बघून ओल ओळखायचा. क्रिकेटमध्ये पिच बघून टॉसचा निर्णय घेतात, तोच अभ्यास.

वाळली की धूळ. पुढच्याच्या मागे असलेल्याला काहीच दिसायचं नाही, म्हणून सुरुवातीला पुढे निघणं फार महत्त्वाचं. धूळ बसवायला ट्रॅकवर तेल ओतायचे, पुढे कॅल्शियम क्लोराइडही वापरलं, हे मीठ हवेतली आर्द्रता खेचून माती ओलसर ठेवतं.

टायरची कथा वेदनादायक आहे. तेव्हा टायरच्या आत सुती कापड असायचं, साध्या कापडासारखं उभं-आडवं विणलेलं, त्यामुळे चाक फिरताना धागे एकमेकांवर घासून तापायचे आणि टायर फुटायचा. १६ सप्टेंबर १९११ ला न्यूयॉर्क राज्याच्या सिराक्यूजच्या फेअरमध्ये ली ओल्डफील्डच्या गाडीचा टायर फुटला (हा बार्नीचा कोणी नव्हे), गाडी कुंपण तोडून गर्दीत घुसली आणि दहाच्या आसपास माणसं गेली. जत्रा बघायला आलेली माणसं होती ती. घोड्यांसाठीचं लाकडी कुंपण टनाच्या वर वजन आणि तो वेग अडवणार कसं? पुढे एका दिशेच्या धाग्यांचे कॉर्ड टायर आले आणि रबरात काजळी मिसळू लागले, त्याने टायर जास्त टिकाऊ झाले.

अजून एक नाव घेतल्याशिवाय राहवत नाही, चार्ली विगिन्स. इंडियानापोलिसचा कृष्णवर्णीय मेकॅनिक, गाड्या स्वतः बांधायचा. शहरातल्या मोठ्या ट्रॅकवरच्या इंडियानापोलिस ५०० या ५०० मैलांच्या प्रसिद्ध रेसमध्ये त्याला रंगामुळे प्रवेश नव्हता. म्हणून १९२४ पासून त्याच स्टेट फेअरच्या मातीवर कृष्णवर्णीय ड्रायव्हरांची 'गोल्ड अँड ग्लोरी' रेस सुरू झाली, आणि विगिन्सने ती चार वेळा जिंकली. १९३६ च्या तिथल्याच अपघातात त्याचा पाय गेला. इतकं कसब असलेल्या माणसाला शहरातल्या मोठ्या ट्रॅकचं फाटक बंद होतं याचा मला आजही राग येतो.

विस्कॉन्सिन स्टेट फेअरचा मिलवॉकी माइल हा ट्रॅक १९०३ पासून मोटार रेस घेतोय, १९५४ मध्ये त्याच्यावर डांबर पडलं. पण इलिनॉयच्या स्प्रिंगफील्डचा एक मैलाचा ट्रॅक अजून मातीचाच आहे. ऑगस्टच्या फेअरमध्ये तिथे घोडेही धावतात आणि गाड्याही.