जाड लोकरीची झटपट टोपी : जाडीच्या आकड्यामागचा इतिहास

एका बैठकीत विणून होणारी जाड लोकरीची टोपी आता इतकी रुळली आहे, की ती पूर्वापार चालत आली असावी असेच वाटते. टोपी खरोखरच जुनी आहे. तिचा झटपटपणा मात्र अलीकडचा आहे आणि तो विणणाऱ्याच्या हातापेक्षा लोकरीच्या जाडीतून आला आहे.

मोठ्या माणसाच्या डोक्याचा घेर साधारण ५४ ते ५८ सेंमी असतो. टोपी डोक्यावर नीट बसावी म्हणून ती थोडी लहान, ५० सेंमीच्या आसपास विणतात. १० सेंमीत २८ टाके बसणारी बारीक लोकर घेतली तर १४० टाके घालावे लागतात आणि २२ सेंमी उंचीसाठी ऐंशीच्या आसपास फेऱ्या होतात. शेंड्याकडची घट (वर टाके कमी करत जाणे) सोडली तर हे अकरा हजारांवर टाके झाले. १० सेंमीत ९ टाके बसणाऱ्या जाड लोकरीत ४४ टाके आणि पंचवीस-सव्वीस फेऱ्यांत काम भागते, म्हणजे एकूण अकराशेच्या आसपास टाके. वेळ वाचतो तो या दहापट फरकामुळे.

विणलेल्या टोपीचा जुना इतिहास बऱ्याच अंशी इंग्लंडमध्ये सापडतो. तिथे १५७१ साली चक्क कायदा झाला. सहा वर्षांवरच्या जवळपास प्रत्येकाने रविवारी आणि सणाच्या दिवशी देशातच विणलेली लोकरी टोपी घालायची, नाहीतर दिवसाला ३ शिलिंग ४ पेन्स दंड. उमराव आणि मानाच्या घरांतल्या लोकांना यातून सूट होती. टोप्या विणणाऱ्यांचा बुडू लागलेला धंदा सावरणे हा कायद्याचा हेतू होता. तो साधला नाही आणि १५९७ मध्ये कायदा रद्द झाला. त्या काळातली जाड दोनपदरी लोकरीची एक तपकिरी टोपी वेल्समधल्या मॉनमथच्या संग्रहालयात आजही आहे. अशा टोप्या विणून झाल्यावर पाण्यात मळून आटवत. वीण मिटून जाई, वारा आत शिरत नसे आणि पावसाचे पाणीही चटकन झिरपत नसे. जाड लोकर सैल विणून तशीच डोक्यावर चढवायची, ही पद्धत त्या कारागिरांना पटली नसती.

पुढची तीनशे वर्षे घरगुती विणकाम बारीक सुयांवरच चालले. पहिल्या महायुद्धात सैनिकांसाठी मोजे, टोप्या आणि कानटोप्या विणण्याची मोठी मोहीम अनेक देशांत झाली. त्यासाठी छापील कृती वाटल्या गेल्या आणि विणकामाची कृती आकड्यांत लिहायची सवय घराघरांत पोचली ती तेव्हा. लोकर मात्र बहुतेक बारीक ते मध्यमच होती. मोजा बुटात मावायचा तर तो जाड करून चालत नाही.

खऱ्या जाड लोकरीच्या दोन परंपरा आहेत आणि दोन्हींमागे कातण्याचे कष्ट हे कारण आहे. कॅनडाच्या व्हँकुव्हर बेटावरच्या कोस्ट सॅलिश या मूळनिवासी समाजातल्या बायका मुळात घोंगड्या विणणाऱ्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपीय लोकांकडून त्या सुयांवरचे विणकाम शिकल्या आणि आपल्या हातची जाड, कमी पिळाची लोकर त्यांनी त्यात आणली. शिलाई मशीनच्या पायट्यावर चालणारे कातणीयंत्रही त्यांनी बनवले. त्या लोकरीचे काउचन स्वेटर प्रसिद्ध झाले, तशा टोप्याही झाल्या. आइसलँडमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत गिरणीतून पिंजून आलेली, न कातलेली लोकरीची पट्टी थेट विणायला घेतली जाऊ लागली. कातण्याची पायरीच गळाली. न पिळलेल्या तंतूंत हवा जास्त अडकते, त्यामुळे जाड असूनही ती वीण वजनाला हलकी राहते. झटपट टोपीचे श्रेय मासिकांतल्या फॅशनला देण्याची पद्धत आहे. माझ्या मते ते आधी या बायकांना द्यायला हवे.

१९५० मध्ये ॲक्रिलिक हा कृत्रिम तंतू बाजारात आला आणि जाड लोकर स्वस्त झाली. १९६० च्या दशकात जाडजूड सुयांवरच्या ‘लवकर होणाऱ्या’ कृतींची लाट आली. नोकरी करणाऱ्या, फावला वेळ कमी असलेल्या विणणाऱ्यांना ती सोयीची होती. इथूनच गोंधळही सुरू झाला, कारण ‘जाड’ म्हणजे किती हे कोणीच ठरवलेले नव्हते.

पूर्वी लोकर पदरांवरून ओळखली जाई: तीन पदरी, चार पदरी. एकेक पदर ठरावीक जाडीचा कातला जात असे, तोवर हा हिशेब बरोबर होता. गिरण्या पदरांची जाडी वाटेल तशी बदलू लागल्यावर पदर मोजून काहीच कळेना. ऑस्ट्रेलियात जाड लोकरीला आजही ‘१२ प्लाय’ (प्लाय म्हणजे पदर) म्हणतात; उलगडून पाहिली तर आत बारा पदर सापडतीलच असे नाही. सर्वांत जाड लोकरींपैकी कित्येक तर एकपदरीच असतात. ब्रिटनमध्ये जिला ‘चंकी’ म्हणतात तिला अमेरिकेत ‘बल्की’ म्हणतात. सुयांचे नंबर त्याहून घातक. अमेरिकेची ११ नंबरची सुई ८ मिमीची असते आणि जुन्या ब्रिटिश पद्धतीची ११ नंबरची ३ मिमीची. एका पद्धतीत नंबर वाढला की सुई जाड होते, दुसरीत बारीक. जुन्या ब्रिटिश पुस्तकातली टोपी अमेरिकन सुयांवर विणायला घेतली की काय होते, ते वेगळे सांगायला नको. सुयांचा घोळ मिलिमीटरने मिटवला. लोकरीचा मात्र मिटला नाही.

तो मिटवण्यासाठी २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकेतल्या लोकर व्यवसायाच्या एका संघटनेने जाडीला क्रमांक दिले. ० म्हणजे जाळीसारख्या कामाची सर्वांत बारीक लोकर, ४ म्हणजे मध्यम, ५ म्हणजे बल्की आणि ६ म्हणजे सुपर बल्की. लोकरीच्या गुंड्यावर लडीचे छोटे चित्र आणि त्यावर आकडा. दुकानात उभ्या असलेल्या नवख्या माणसाला ते एका नजरेत समजते. कृतीत सांगितलेली लोकर बाजारातून गेली असेल तर त्याच क्रमांकाची दुसरी घेता येते. हा फायदा खरा आहे आणि त्याच काळात विणकामाकडे वळलेल्या तरुण विणणाऱ्यांना तो नक्कीच झाला.

वादाचा मुद्दा आहे क्रमांकांच्या रुंदीचा. प्रत्येक क्रमांक म्हणजे टाक्यांचा एक पट्टा आहे. ४ क्रमांकात १० सेंमीला १६ ते २० टाके, ५ मध्ये १२ ते १५ आणि ६ मध्ये ७ ते ११. बारीक लोकरीत एक-दोन टाक्यांनी फारसे बिघडत नाही. ६ क्रमांकात एक टाका जवळजवळ दीड सेंमीचा असू शकतो. ४० टाक्यांची टोपी घेऊ. १० सेंमीला ८ टाके बसले तर घेर ५० सेंमी, म्हणजे अगदी हवा तसा. ७ बसले तर ५७ सेंमी होतो आणि टोपी भुवयांखाली घसरते. ११ बसले तर ३६ सेंमी, जवळपास नवजात बाळाच्या डोक्याचे माप. तिन्ही वेळा गुंड्यावर आकडा ६ आणि तिन्ही वेळा कृती शब्दशः पाळलेली. नवखी व्यक्ती अशा वेळी स्वतःच्या हाताला दोष देते, हे मला सर्वांत जास्त खटकते. दोष पट्टा इतका रुंद ठेवण्याच्या निर्णयाचा आहे.

निर्णयाची बाजू घेणारे म्हणतात की क्रमांक हा फक्त अंदाज आहे, नमुन्याचा तुकडा विणून टाके मोजणे अपेक्षितच आहे. तांत्रिकदृष्ट्या हे बरोबर आहे. पण जी टोपी ‘आज संध्याकाळी सुरू, आजच पूर्ण’ म्हणून सांगितली जाते, तिच्यासाठी आधी नमुना विणणारे थोडेच. ज्या वस्तूला मोजमापाची सर्वांत जास्त गरज, तिलाच सर्वांत ढोबळ वर्ग मिळाला. पुढे सुयांऐवजी हात-दंडांवर विणण्याची आणि दोरखंडाएवढ्या लोकरीच्या पांघरुणांची हौस पसरली, तेव्हा ६ च्या वर ७ हा क्रमांक काढावा लागला: १० सेंमीला ६ किंवा त्याहून कमी टाके, सुई १२.७५ मिमी किंवा जाड. टोकाच्या लोकरी त्यामुळे वेगळ्या झाल्या. ७ ते ११ चा पट्टा तसाच राहिला.

विणकामाच्या या वाढत्या हौसेमागे इंटरनेटही होते. २००७ नंतर कृती आणि लोकरीची माहिती एकत्र शोधता येऊ लागली आणि त्यात टोप्यांच्या कृती भराभर वाढल्या. जानेवारी २०१७ मध्ये वॉशिंग्टनच्या महिला मोर्चासाठी विणलेल्या गुलाबी टोप्या मध्यम लोकरीच्या होत्या, पण सोपी टोपी किती वेगाने पसरू शकते हे तेव्हा दिसले.

ऊब हा आणखी एक वादाचा विषय. शरीराची ४० ते ४५ टक्के उष्णता डोक्यातून जाते, असे १९७० च्या एका अमेरिकी लष्करी पुस्तिकेत छापले गेले आणि टोप्यांबद्दल लिहिताना ते वर्षानुवर्षे उगाळले गेले. डोके शरीराच्या पृष्ठभागाचा साधारण दहावा भाग आहे, उष्णताही साधारण त्याच प्रमाणात जाते. तरीही उघडे डोके आणि कान फार बोचतात, त्यामुळे टोपी हवीच. ती ऊबदार होते ती तंतूंत अडकलेल्या हवेमुळे. झटपट करण्याच्या नादात जाड लोकर आणखी जाड सुईवर विणली तर टाक्यांच्या भोकांतून वारा ती हवा पळवतो. गुंड्यावर ८ ते १० मिमी सुई सुचवली असेल तर टोपीसाठी ८ ची घेणे केव्हाही चांगले.

मशीनमध्ये धुता येणाऱ्या लोकरीचेही असेच. तंतूंवरचे खवले क्लोरीनने झिजवून वर राळेचा पातळ थर देतात, त्यामुळे ती आटत नाही. पण तंतू एकमेकांना धरूनही ठेवत नाहीत. जाड लोकरीचे वजन जास्त, म्हणून अशी टोपी पहिल्याच धुण्यात सैलावू शकते. एकपदरी लोकर मऊ लागते, पण कपाळावर घासून तिच्यावर लवकर गोळे येतात.

काही लोकर कंपन्या आता क्रमांकाशेजारी १० सेंमीतले टाके आणि गुंड्यातले मीटर दोन्ही छापतात. तिथे टाक्यांचा आकडा ८ दिसला तर ४० टाके घालावेत, ९ दिसला तर ४४.