ग्नूसेन्स: ब्लॉब काढून टाकण्याच्या कामाची पार्श्वभूमी

मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे फुकट सॉफ्टवेअर नव्हे. प्रोग्राम हवा तसा वापरता यावा, सोर्स कोड (प्रोग्रामरने लिहिलेला, माणसाला वाचता येणारा मजकूर) वाचून बदलता यावा, मूळ किंवा बदललेली प्रत दुसऱ्याला देता यावी, ही ती मुभा. अमेरिकन प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू हा पूर्णपणे मुक्त संगणक प्रणाली घडवण्याचा प्रकल्प जाहीर केला तो यासाठीच. पुढे लिनक्स कर्नेलची, म्हणजे हार्डवेअर हाताळणाऱ्या गाभ्याची, जोड मिळाली आणि प्रणाली पूर्ण झाली. पण त्याच कर्नेलमध्ये हळूहळू ‘ब्लॉब’ शिरले. वायफाय किंवा ग्राफिक्स कार्ड चालावे म्हणून हार्डवेअर कंपन्यांनी दिलेल्या या फायली म्हणजे नुसती आकड्यांची रांग; तिचा सोर्स कोड कंपनीबाहेर कुणाच्याच हाती नाही. बहुतेक डिस्ट्रोंनी, म्हणजे कर्नेल आणि इतर प्रोग्राम एकत्र बांधून दिलेल्या तयार प्रणालींनी, सोयीपोटी हे चालवून घेतले.

आयर्लंडच्या ब्रायन ब्राझील आणि पॉल ओमॅली यांनी चालवून घेतले नाही. २००६ च्या नोव्हेंबरात त्यांनी ग्नूसेन्स या ब्लॉबरहित डिस्ट्रोची पहिली आवृत्ती काढली. पाया उबुंटू या लोकप्रिय डिस्ट्रोचा, पाठबळ स्टॉलमन यांच्याच फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचे. नवे काही जोडण्यापेक्षा नको ते शोधून काढणे हेच इथले मुख्य काम होते, आणि माझ्या मते ते जोडण्याहून किचकट. एकेका पॅकेजचा (डिस्ट्रोतल्या प्रोग्रामच्या गठ्ठ्याचा) परवाना वाचायचा, कर्नेलची एकेक फाइल तपासायची. स्टॉलमन स्वतः लेमोट या कंपनीचा यीलूंग हा छोटा लॅपटॉप वापरत तेव्हा त्यावर ग्नूसेन्सच होते.

उबुंटू दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती काढते. तितक्या वेगाने सफाई करणे मूठभर स्वयंसेवकांना कसे जमावे? म्हणून ग्नूसेन्सची २०१३ ची तिसरी आवृत्ती डेबियन या दुसऱ्या डिस्ट्रोवर बेतली गेली. डेबियनने २०११ मध्येच आपल्या कर्नेलमधले ब्लॉब वेगळे काढले असल्याने बरेचसे ओझे उतरले होते. तरी उशीर व्हायचाच. चौथी आवृत्ती मे २०१६ मध्ये आली ती डेबियन ७ वर, आणि डेबियन ७ ची नेहमीची सुरक्षा-देखभाल आदल्याच महिन्यात थांबली होती. ग्नूसेन्सची ही शेवटची आवृत्ती ठरली.

ब्लॉब हुडकण्यासाठी ब्राझील यांनी लिहिलेल्या स्क्रिप्ट (छोटे प्रोग्राम) मात्र बंद पडल्या नाहीत. फाउंडेशनच्या लॅटिन अमेरिकेतील भगिनी संस्थेने फेब्रुवारी २००८ मध्येच त्यांची सुधारित रूपे हाती घेतली होती. त्यातूनच ‘लिनक्स-लिब्र’ हे ब्लॉबरहित कर्नेल तयार झाले, आणि ट्रिस्केलसारख्या डिस्ट्रो आजही तेच वापरतात.