सदोमचे पाप नेमके कोणते?

कोल्हापुरात अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर यांनी 1852 साली ख्रिस्ती मिशनचे काम सुरू केले, त्याच शहरात आजही रविवारच्या उपासनेनंतर चहा घेताना, बायबलमधले सदोम नगर समलैंगिकतेमुळे देवाच्या कोपाने भस्म झाले, असे सहज बोलले जाते, आणि मंडळीतला एखादा समलैंगिक तरुण मान खाली घालून हातातला चहा गार होऊ देतो. पवित्र शास्त्र मात्र तसे सांगत नाही. बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या 19 व्या अध्यायात सदोमचा जमाव तिथे राहणाऱ्या लोटाच्या दारी येतो तो परक्या पाहुण्यांवर बळजबरी करण्यासाठी. परस्परसंमतीच्या प्रेमाचा तिथे विषयच नाही. यहेज्केल संदेष्टा तर (16:49) सदोमचा अधर्म स्पष्टच सांगतो: गर्व, अन्नाची रेलचेल, निश्चिंत सुखवस्तूपणा आणि गोरगरिबांना हात न देणे. (दारी आलेल्याला जेवल्याशिवाय न सोडणाऱ्या कोल्हापूरकरांना हे समजायला अवघड जाऊ नये.) येशूही मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 10 व्या अध्यायात सदोमची आठवण काढतो ती शिष्यांचे स्वागत न करणाऱ्या गावांच्या संदर्भात. यहेज्केलच्या पुढच्याच वचनात अमंगळ कृत्यांचा आणि यहूदाच्या पत्रात लैंगिक अनाचाराचा उल्लेख आहे, हे खरे. परंतु तिथेही समलैंगिक प्रेमाचे नाव नाही. बायबलमधल्याच लेवीय या पुस्तकातील आणि रोमकरांस पत्रातील समलैंगिक संबंधांविषयीच्या वचनांचा वाद निराळा असून तो सदोमच्या नावावर खपवता येत नाही.