‘पासून’ म्हणजे नेहमीच ‘सिन्स’ नव्हे

मराठीत ‘पासून’ आले की इंग्रजीत ‘सिन्स’ वापरावे, असा नियम नवशिक्यांना वर्षानुवर्षे शिकवला जातो. हा समज स्वाभाविक आहे, कारण आपण ‘आठ वाजल्यापासून’ आणि ‘वीस मिनिटांपासून’ ही दोन्ही रूपे एकाच शब्दयोगी अव्ययाने साधतो. इंग्रजी मात्र आरंभाचा क्षण आणि कालावधी वेगळे मानते. म्हणून दादरला लोकलची वाट पाहणारा ‘सिन्स एट ओ’क्लॉक’ म्हणेल, पण ‘फॉर ट्वेंटी मिनिट्स’.

पडताळा मराठीतच घेता येतो. ‘पासून’ काढून आधी ‘गेली’ लावावे: ‘गेली वीस मिनिटे वाट पाहत आहे’ हे वाक्य जुळते, तेथे ‘फॉर’, ‘गेली आठ वाजता’ जुळत नाही, तेथे ‘सिन्स’. ‘उद्यापासून’साठी यांपैकी एकही नाही, तर ‘फ्रॉम टुमॉरो’.